सभागृह बदलले की भूमिका बदलते : अमेरिकेतील मराठी मतदारांस खुले पत्र

न्यू जर्सी

अमेरिकेतील मराठी मतदार बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

ज्यांच्या खिशात अमेरिकेचा निळा पासपोर्ट आहे, घरात मराठी बोलली जाते आणि नात्यागोत्यात कोणी ना कोणी अजून व्हिसावर आहे, अशा सर्वांना उद्देशून हे पत्र आहे. मी स्वतः १९९८ साली, ‘वायटूके’च्या, म्हणजे २००० साल उजाडताच संगणक कोलमडतील या, धसक्याने संगणकाची चार अक्षरे येणाऱ्या प्रत्येकाला मागणी होती त्या काळात, एच-१बी या कुशल कामगारांच्या तात्पुरत्या व्हिसावर येथे आलो. ग्रीन कार्ड (कायम वास्तव्याचा परवाना) आणि नागरिकत्व रीतसर मिळवले आणि २०१२पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत मतदान केले. २०२४ साली माझे मत डोनाल्ड ट्रम्प यांना होते. ही गोष्ट झाकून पुढचे लिहिणे बरोबर होणार नाही, म्हणून आरंभीच सांगून टाकतो.

त्या मतामागे बरीच कारणे होती, महागाई हे त्यांतले मोठे. परंतु एक कारण या पत्राच्या विषयातले आहे. जून २०२४मध्ये एका पॉडकास्टवर ट्रम्प म्हणाले, की अमेरिकेतील महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्याला पदवीपत्राबरोबरच आपोआप ग्रीन कार्ड मिळायला हवे. दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजांनाही त्यांनी त्यात गणले. ती चित्रफीत त्या आठवड्यात मला निदान दहा जणांनी पाठवली आणि मीही ती उत्साहाने पुढे पाठवली. काही तासांतच त्यांच्या प्रचारयंत्रणेच्या प्रवक्त्यांनी खुलासा केला, की ही सवलत कसून छाननी झालेल्या, अत्यंत कुशल अशा पदवीधरांपुरतीच असेल. तो खुलासा मला कोणी पाठवला नाही. मी शोधलाही नाही.

ट्रम्प यांना आता राज्यघटनेनुसार तिसऱ्यांदा निवडून येता येत नाही. २०२८साठी दोन्ही पक्षांचे नवे उमेदवार उभे राहतील, आपल्या सभागृहांत येतील, हात जोडून ‘नमस्ते’ म्हणतील आणि स्थलांतराबद्दल आपल्याला गोड वाटेल असे काहीतरी बोलतील. त्या वेळी आपण ते कोणत्या कानांनी ऐकणार, हे आताच ठरवून ठेवावे असे मला वाटते, आणि त्यासाठी मागच्या दहा-बारा वर्षांची उजळणी करणे भाग आहे.

२०१२ साली रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षीय उमेदवार मिट रॉम्नी हरले. बेकायदा राहणाऱ्यांचे जिणे इतके अवघड करावे की ते आपण होऊन निघून जातील, असे रॉम्नी यांचे धोरण होते. निवडणूक संपताच एका मुलाखतीत ट्रम्प यांनी ते धोरण वेडेपणाचे ठरवले आणि त्यामुळे लॅटिनो व आशियाई मते गेली, असे निदानही केले. जून २०१५मध्ये तेच ट्रम्प न्यूयॉर्कमधील आपल्या टॉवरच्या सरकत्या जिन्यावरून खाली उतरले आणि मेक्सिकोहून येणाऱ्यांना गुन्हेगार व बलात्कारी म्हणत त्यांनी उमेदवारी जाहीर केली. ऑगस्टमध्ये दूरचित्रवाणीवर ते म्हणाले, कुटुंबे एकत्र ठेवू, पण त्यांना जावेच लागेल. नोव्हेंबरपर्यंत ‘हद्दपारी दला’ची भाषा सुरू झाली. त्या काळी कागदपत्रांविना राहणाऱ्यांची संख्या सुमारे १ कोटी १० लाख धरली जात असे. एवढ्या माणसांना देशाबाहेर कसे काढणार, या प्रश्नाला ‘व्यवस्थित करू’ यापलीकडे उत्तर नव्हते.

आता आपल्या जिव्हाळ्याचा प्रसंग. ३ मार्च २०१६ रोजी डेट्रॉइट येथे रिपब्लिकन उमेदवारांची वादसभा झाली. एच-१बीच्या विरोधात तुमच्या संकेतस्थळावर एक लिहिले आहे आणि तुम्ही बोलता दुसरेच, असे निवेदिकेने विचारताच ट्रम्प सरळ म्हणाले, की मी भूमिका बदलतो आहे, देशाला अत्यंत कुशल माणसे हवी आहेत. आमच्या घरी त्या क्षणी टाळी पडली. त्याच रात्री त्यांनी लेखी निवेदन काढून एच-१बीचा स्वस्त मजुरीसाठी होणारा वापर कायमचा बंद करण्याचे वचन दिले. आठवड्याभराने मायामी येथील वादसभेत ते म्हणाले, की हा व्हिसा मला चांगला माहीत आहे, मी स्वतः वापरतो, पण मला तो वापरू द्यायला नको. एवढी सगळी वळणे एका आठवड्यातली आहेत.

त्याच वर्षीचा ऑगस्ट महिना तर अभ्यासाला घ्यावा असा आहे. टेक्सासमधील ऑस्टिन येथे एका वृत्तवाहिनीने प्रेक्षकांसह जाहीर संवादाचा कार्यक्रम ठेवला होता. कार्यक्रमाच्या मध्यावर ट्रम्प यांनी प्रश्नाचा रोख प्रेक्षकांकडे वळवला : वीस वर्षे येथे राहिलेला, संसार थाटलेला, चांगला माणूस असेल, तर त्याला बाहेर काढायचे, की त्याच्याबाबत काही तडजोड करायची? सभागृहातून दोन्ही बाजूंनी आवाज उठले. त्यांनी पुन्हा विचारले. टाळ्या कोणत्या बाजूला जास्त पडतात, हे ते कान देऊन ऐकत होते. कायद्यात काही नरमाई येऊ शकते, कारण कोणाला दुखवण्याचा आपला हेतू नाही, असेही ते म्हणाले. आणि लोक आपल्याला भेटून सांगतात, की पंधरा-वीस वर्षे राहिलेल्याला कुटुंबासकट हाकलणे फार कठीण वाटते, हेही त्यांनी ऐकवले.

आपले पाठीराखे एकजिनसी नाहीत, याचा त्यांना त्या वेळी अंदाज आला असावा, असे मी मानतो. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या त्या वर्षीच्या प्राथमिक फेऱ्यांत मतदान करून बाहेर पडणाऱ्या रिपब्लिकन मतदारांना हाच प्रश्न विचारला, तेव्हा अनेक राज्यांत बहुसंख्यांनी हद्दपारीऐवजी कायदेशीर दर्जा देण्याच्या बाजूने कौल दिला होता. म्हणजे उमेदवाराची मोठ्या आवाजातली गर्दी एक सांगत होती आणि मतदान केंद्राबाहेरचा शांत मतदार दुसरे. दोघांनाही हवे तसे उत्तर देण्याची कसरत त्या महिनाभर चालली. ऑस्टिननंतर दोनच दिवसांनी त्यांनी दुसऱ्या वाहिनीला सांगितले, की आधी देश सोडून परत आल्याशिवाय कायदेशीर दर्जा मिळणार नाही. ३१ ऑगस्टला तर कमाल झाली. दुपारी मेक्सिको सिटीत अध्यक्ष पेन्या निएतो यांच्या शेजारी उभे राहून सौम्य, जवळजवळ मुत्सद्दी भाषण, आणि रात्री ॲरिझोनातील फीनिक्स येथे दहा कलमी कडक आराखडा, ज्यात बेकायदा आलेला कोणीही हद्दपारीस पात्र होता.

त्या शरद ऋतूत ही चर्चा आपल्या घरांतही झाली, हे आपल्याला आठवत असेल. १५ ऑक्टोबर २०१६ रोजी ट्रम्प आपल्या न्यू जर्सीतील एडिसन येथे हिंदू मतदारांच्या मेळाव्यात आले. आपण हिंदूंचे आणि भारताचे मोठे चाहते आहोत, असे ते तेथे म्हणाले. त्याच शनिवारी कोजागरी होती. आमच्या एका स्नेह्यांच्या घरी तळघरात मसाला दूध आटत होते, बाहेर अंगणात थंडीने कोणी थांबत नव्हते, आणि चंद्रापेक्षा उमेदवाराचीच चर्चा जास्त चालली होती. एक गट म्हणत होता, की हे सगळे निवडून येण्यापुरते बोलणे आहे, उद्या काही होणार नाही. दुसऱ्या गटाचे म्हणणे, की होईल, पण ते मेक्सिकोवाल्यांचे. आपण दाराने आलो आहोत, भिंतीवरून नाही. मी दुसऱ्या गटात होतो. दूध ढवळणाऱ्या एका काकूंनी तेवढ्यात मान वर न करता म्हटले, “अहो, जो दोघांना दोन उत्तरं देतो, तो तिसऱ्याला तिसरं देणारच. आपण तिसरे.” सगळे हसले, वेलदोड्याचा वास घरभर पसरला आणि विषय बदलला.

(मेक्सिकोवाल्यांविषयी त्या रात्री आम्ही ज्या तऱ्हेने बोललो, त्याची आठवण झाली की मला वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजे यांचीही आठवण होते. गदर चळवळीतल्या या क्रांतिकारकाला मायदेशी परतण्याची सोय उरली नव्हती, तेव्हा त्यांना आसरा दिला तो मेक्सिकोने. तेथे त्यांनी मका आणि गव्हावर संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या आणि दिएगो रिव्हेरा यांच्या भित्तिचित्रातही ते जाऊन बसले. आपल्या माणसाला ज्या देशाने घर दिले, त्या देशाच्या माणसांबद्दल बोलताना जीभ थोडी सांभाळायला हवी होती.)

पुढचे प्रसंग मी भराभर सांगतो, कारण ते आपण सर्वांनी पाहिले आहेत. बालपणी कागदपत्रांविना अमेरिकेत आणल्या गेलेल्या मुलांना संरक्षण देणारी ओबामा यांच्या काळातील ‘डाका’ योजना सप्टेंबर २०१७मध्ये मागे घेण्याचे जाहीर झाले. ९ जानेवारी २०१८ रोजी दोन्ही पक्षांच्या लोकप्रतिनिधींना कॅमेऱ्यांसमोर बसवून ट्रम्प यांनी या मुलांसाठी प्रेमाचे विधेयक आणा, मी सही करतो, असे सांगितले. दोन दिवसांनी दोन्ही पक्षांच्या सिनेटरांनी तडजोड नेली, तेव्हा ती फेटाळली. ती योजना अखेर वाचली, ती जून २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच विरुद्ध चार अशा निकालाने. त्याच महिन्यात परदेशातून नव्याने येणाऱ्या एच-१बीधारकांचा प्रवेश स्थगित झाला, तोही अहमदाबादच्या मोटेरा मैदानावर ट्रम्प यांचे जंगी स्वागत झाल्यानंतर चार महिन्यांच्या आत. डिसेंबर २०२४मध्ये त्यांच्याच समर्थकांत एच-१बीवरून जुंपली. व्हिसाच्या बाजूला उद्योजक इलॉन मस्क व विवेक रामस्वामी, विरोधात ट्रम्प यांचे जुने सल्लागार स्टीव्ह बॅनन. तेव्हा ट्रम्प म्हणाले, की हा व्हिसा मला नेहमीच आवडत आला आहे. जून २०२५मध्ये शेतकरी आणि हॉटेलमालकांच्या तक्रारी ऐकून त्यांनी बदल होणार असल्याचे लिहिले, शेतांवरील व हॉटेलांतील धाडी थांबवण्याच्या सूचना गेल्या, आणि आठवडा उलटायच्या आत त्या सूचनाही मागे घेतल्या गेल्या.

हे सगळे सांगण्याचा उद्देश त्यांना खोटे ठरवण्याचा नाही. भूमिका बदलणे हा उमेदवाराचा हक्क आहे, मतदारही बदलतातच. स्थलांतर कमी व्हावे असे म्हणणाऱ्या अमेरिकनांचे प्रमाण गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत २०२४ साली ५५ टक्के होते, ते वर्षभरात ३० टक्क्यांवर आले. लोकांचे मन इतके हलत असेल, तर उमेदवाराने दगडासारखे एका जागी बसावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. माझा आक्षेप वेगळा आहे. ज्या बदलाला कारण दिले जात नाही, जो बदल नाराज होणाऱ्या श्रोत्यांसमोर कधीच बोलून दाखवला जात नाही आणि जो कागदावर उतरण्याआधीच पुसला जातो, त्याला मतपरिवर्तन म्हणता येत नाही. तो त्या त्या सभागृहाला दिलेला नजराणा असतो.

तुलनेसाठी रोनाल्ड रेगन यांचे उदाहरण पाहा. ऑक्टोबर १९८४मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार वॉल्टर माँडेल यांच्याशी झालेल्या वादसभेत, निवडणूक दोन आठवड्यांवर असताना, रेगन यांनी सर्व देशासमोर सांगितले, की बेकायदा आले असले तरी ज्यांनी येथे मुळे धरली आहेत, त्यांना माफी द्यावी असे आपले मत आहे. नोव्हेंबर १९८६मध्ये त्यांनी तशा कायद्यावर सही केली आणि सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला. तो कायदा चांगला होता की वाईट, यावर आजही वाद घालता येईल. पण १९८४ साली मत देणाऱ्याला आपण कशाला मत देतो आहोत, हे कळले होते.

डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूनेही फार अभिमान बाळगण्यासारखे नाही. ओबामांच्या काळात, २०१२च्या आर्थिक वर्षात चार लाखांहून अधिक लोकांची पाठवणी झाली; लॅटिनो संघटनांच्या नेत्यांनीच त्यांना ‘हद्दपारीचे सरसेनापती’ अशा अर्थाची पदवी बहाल केली होती. कमला हॅरिस २०१९ साली सीमा ओलांडण्याला फौजदारी गुन्हा मानू नये या बाजूला झुकल्या होत्या, २०२४ साली कायद्याची अंमलबजावणी झालीच पाहिजे असे म्हणू लागल्या, आणि दोन्हींतला फरक विचारला असता आपली मूल्ये बदललेली नाहीत, एवढेच उत्तर त्यांनी दिले. त्यांच्या आई चेन्नईच्या म्हणून आपल्यातील अनेकांनी तेवढ्यावर समाधान मानले. मी ट्रम्प यांच्या पॉडकास्टवर मानले होते, तसेच ते.

आता त्या ‘दाराने आलो’ या वाक्याकडे येतो, कारण माझ्या मते आपली सगळी गफलत तेथे आहे. कायदेशीर आणि बेकायदा यांच्यामध्ये एक पक्की रेघ आहे, ती दगडावर ओढलेली आहे आणि आपण तिच्या सुरक्षित बाजूला आहोत, अशी आपली समजूत होती. २० जानेवारी २०२५ रोजी, शपथविधीच्याच दिवशी, जन्मसिद्ध नागरिकत्वाविषयीचा आदेश निघाला. त्यातली अट वाचा. आई बेकायदा राहत असेल तर आहेच, पण ती कायदेशीर, तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तरीही बाळाला जन्माने नागरिकत्व मिळू नये, असे तो आदेश सांगत होता. म्हणजे एच-१बीवरचा पती आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या एच-४ व्हिसावरची पत्नी यांचे, सर्व कर भरणाऱ्या, सर्व कागद जागच्या जागी असणाऱ्या घरातले मूलसुद्धा. जन्माने नागरिकत्व देणारी चौदावी घटनादुरुस्ती १८६८ची आणि वाँग किम आर्क या चिनी आईबापांच्या मुलाच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल १८९८चा. सिएटलच्या न्यायाधीशांनी तीन दिवसांत त्या आदेशाला उघडउघड घटनाबाह्य म्हणून रोखले आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण त्या तीन दिवसांत आमच्या ओळखीतल्या एका गरोदर मुलीने प्रसूतीची तारीख १९ फेब्रुवारीच्या, म्हणजे आदेश लागू होण्याच्या तारखेच्या, अलीकडे आणता येईल का, असे डॉक्टरांना विचारले होते. ती दाराने आली होती.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना हातकड्या-बेड्या घालून अमृतसरला उतरले. त्यांत बहुतेक हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे होते. तिघे महाराष्ट्राचे होते. आमच्या फोनवरच्या गटात त्या दिवशी एकाने लिहिले, ‘दलालाला लाखो रुपये देऊन जंगलातून यायला कोणी सांगितले होते?’ त्याला बारा अंगठे मिळाले. बेड्यांबद्दल कोणी काही लिहिले नाही, मीही नाही. कागदपत्रांविना अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयांचा प्यू संशोधन केंद्राचा २०२२चा अंदाज सव्वासात लाखांचा आणि सरकारी खात्याचा सव्वादोन लाखांच्या आतला, असे दोन अंदाज आहेत. कोणताही धरला, तरी ही माणसे आपल्याच विमानतळांवरून निघालेली आहेत.

आणि मग सप्टेंबर आला. माझा भाचा एच-१बीवर आहे, टेक्सासमध्ये नोकरीला. मेहुणे गेल्यावर सर्वपित्री अमावास्येचे श्राद्ध आपण स्वतः करायचे, असे त्याने ठरवले आणि सुटी काढून पुण्याला गेला. अमावास्या रविवारी, २१ तारखेला होती. शुक्रवारी अमेरिकेतल्या दुपारी, म्हणजे पुण्यात मध्यरात्र उलटून गेल्यावर, नव्या एच-१बीवर एक लाख डॉलरचे शुल्क लावणाऱ्या आदेशावर सही झाली; आपल्या हिशेबाने सुमारे ८८ लाख रुपये. हे शुल्क दरवर्षी आहे, असे खुद्द वाणिज्यमंत्र्यांनी सांगितले. अंमल रविवारी मध्यरात्रीपासून, म्हणजे पुण्यात रविवारी सकाळी साडेनऊला. भाचा शनिवारी पहाटे उठला, तेव्हा त्याच्या फोनवर कंपनीच्या वकिलांचा ईमेल येऊन पडला होता : मुदतीपूर्वी अमेरिकेच्या भूमीवर उतरा.

ताईने आदल्या रात्रीच यादी करून ठेवली होती : खिरीचे तांदूळ, वड्यांचे पीठ, गवार, भोपळा, आमसुले. सकाळी सात वाजता ती ओट्यापाशी उभी राहून विचारत होती, “एक दिवस थांबता येणार नाही का रे?” तो फोनवर तिकिटे शोधत होता, दर मिनिटागणिक चढत होते. शेवटी नेहमीच्या तिप्पट भावाने दुपारचे विमान मिळाले. द्रुतगती महामार्गावरून मुंबईकडे जाताना त्याने मला फोन केला. तो रडत नव्हता, फक्त एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होता : “मामा, मी उतरेपर्यंत नियम तोच राहील ना?” नियम तोच राहिला नाही. विमान हवेत असतानाच व्हाइट हाउसकडून खुलासा आला, की शुल्क एकदाच भरायचे आहे, ते नव्या अर्जांना आहे, ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांना लागू नाही. तो उतरला आणि त्याने ते वाचले. पुण्यात चुलत भावाने श्राद्ध केले. ताईने पान वाढून गच्चीवर ठेवले, त्याचा फोटो त्याला पाठवला आणि खाली काहीच लिहिले नाही.

त्यानंतर दोनच महिन्यांत ट्रम्प एका मुलाखतीत म्हणाले, की बाहेरून गुणी माणसे आणावीच लागतात, काही कौशल्ये आपल्या लोकांकडे नाहीत. ती चित्रफीतही मला चार-पाच जणांनी पाठवली, आनंदाच्या चिन्हांसह. या वेळी मी ती पुढे पाठवली नाही.

येथे मला आपल्याला थोडे टोचणारे बोलायचे आहे. मी गिरगावात वाढलो. १९६६ नंतरच्या वर्षांत मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात आणि ‘हटाव लुंगी’च्या घोषणा दिल्या जात, हे माझे वडील आम्हाला अभिमानाने सांगत. मराठी मुलाला नोकरी मिळाली पाहिजे ही मागणी मला तेव्हाही न्याय्य वाटे, आजही वाटते. पण ओहायोतल्या ज्या कामगाराला आपली नोकरी एखाद्या देसी कंत्राटदार कंपनीने नेली असे वाटते, त्याची मागणी शब्दाशब्दाने तीच आहे, हे समजायला मला सत्तावीस वर्षे लागली. आपल्यातले कित्येकजण सकाळी मुंबईतल्या परप्रांतीयांवर तावातावाने लिहितात आणि संध्याकाळी एडिसनमध्ये एच-१बीवर अन्याय झाला म्हणून हळहळतात. उमेदवार सभागृह पाहून बोलतो, अशी तक्रार करण्यापूर्वी आपलेही सभागृहागणिक काय होते, ते आठवावे. मी स्वतःला यातून वगळत नाही.

मग करायचे काय? उमेदवाराला ‘तुमची स्थलांतराबद्दल भूमिका काय’ असे विचारणे आपण बंद करावे. त्या प्रश्नाला नेहमी गोड उत्तर मिळते. त्याऐवजी कायद्यातला मजकूर विचारावा. १९९०च्या कायद्याप्रमाणे नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांपैकी एका देशाला साधारण सात टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत. आइसलँड आणि भारत दोघांना मर्यादा एकच. त्यामुळे भारतीयांची रांग कुटुंबे धरून दहा लाखांच्या वर गेली आहे. ही मर्यादा उठवणारे विधेयक जुलै २०१९मध्ये प्रतिनिधीगृहाने ३६५ विरुद्ध ६५ अशा मतांनी मंजूर केले होते. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये सिनेटने स्वतःचे वेगळे रूप मंजूर केले, आणि दोन्हींचा मेळ न बसता ते विधेयक मेले. एवढे बहुमत असलेला विषय कसा मेला, हे त्या वेळी आपल्यापैकी किती जणांनी आपल्या सिनेटरला विचारले? मी विचारले नाही. प्रतिनिधीगृहात ते मंजूर झाले, त्या सुमारास मी ह्यूस्टनच्या ‘हाउडी मोदी’ची तिकिटे मिळवण्याच्या खटपटीत होतो.

आणि विचारायचे ते आपल्या सभागृहात नव्हे तर त्या उमेदवाराच्या इतर श्रोत्यांसमोर विचारावे. जो उमेदवार आपल्या दिवाळीच्या मेळाव्यात ग्रीन कार्डाबद्दल बोलतो, त्याने तेच वाक्य मिशिगनच्या कामगार संघटनेत उच्चारलेले दाखवावे. ज्याला आपल्या मतांसाठी एच-१बी आवडतो, त्याने ‘डाका’च्या मुलांसाठी आणि शेतावरच्या मजुरांसाठी काय कायदा आणणार तेही त्याच श्वासात सांगावे, कारण रेघ त्यांच्या अंगणातून सरकत सरकतच आपल्या दारात आली आहे. आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीतले काही मित्र म्हणतात, की आपली संस्था करमुक्त आहे, येथे राजकारण नको. करमुक्त संस्थेला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, हे खरे. पण सर्व उमेदवारांना सारखे बोलावून, सर्वांना सारखेच प्रश्न विचारणारी चर्चासभा घेण्यास अमेरिकेचा कायदा आडकाठी करत नाही. लावणीच्या कार्यक्रमासाठी आपण सहाशे खुर्च्या भाड्याने आणतो, त्या एका संध्याकाळी यासाठी मांडता येतील.

त्या कोजागरीच्या घरात एक लहान मुलगी होती. चार वर्षांची असताना ती आईवडिलांबरोबर नाशिकहून आली. आता ती एकोणीस वर्षांची आहे आणि मसाला दुधाचे पेले तीच भरून देते. तिचे वडील अजून ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत. ती एकविसाव्या वर्षात पाऊल टाकील आणि ते वर्ष पुरे करील, त्या दिवशी वडिलांच्या व्हिसावरचा तिचा हक्क संपेल; विद्यार्थी व्हिसा मिळाला तर राहील, नाहीतर चार वर्षांची असताना सोडलेल्या आणि आता नकाशापुरत्याच उरलेल्या नाशिकला तिला परत जावे लागेल. अशी दोन लाखांहून अधिक मुले या देशात असल्याचे त्यांच्यासाठी झटणारे लोक सांगतात. तिला मत नाही. मला आहे, आणि ते मी एकदा एका चित्रफितीवर खर्च केले आहे.

चर्चासभा झाली, तर पहिला प्रश्न तिला विचारू द्यावा, असे मी आमच्या कार्यकारिणीला लेखी कळवले आहे. अद्याप उत्तर आलेले नाही. आपापल्या गावच्या मंडळांना आपणही लिहावे, अशी विनंती करतो.

आपला,
न्यू जर्सीतील एक मराठी मतदार